हॉर्निमन सर्कल आणि आमचे आजोबा



आमच्याकडे इस्राएलमध्ये सातवीच्या मुलांना घराण्याच्या मुळांवर एक मोठे काम करावे लागते. 'अवोदात शोराशीम' म्हणतात त्याला. ज्यांची नातवंडे त्या वयात आली आहेत त्यांना हा ताप ठाऊक आहे. जुने फोटो काढा, अलिबागजवळचे आपले गाव नकाशात शोधा, मलिद्याची कृती सांगा. माझ्या नातीने हे सगळे माझ्याकडून करून घेतले आणि मग एका शुक्रवारी, मी नारळाचे दूध काढत असताना, विचारले, "सावता, हिंदुस्थानात ब्रिटिश होते तेव्हा आपले लोक त्यांच्याशी लढले का?"

तिचा प्रश्न कुठून आला ते मला कळले. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे पणजोबा हागानात होते. दुसऱ्या एकाच्या पणजोबांना ब्रिटिशांनी अक्कोच्या तुरुंगात टाकले होते. आमच्या बाजूने सांगायला काय आहे? मी चटकन म्हणाले, "तुझ्या खापरपणजोबांनी हॉर्निमनसाहेबांना बोटीपर्यंत पोचवले होते. हॉर्निमन म्हणजे मोठे पत्रकार. ब्रिटिशांनी त्यांना हिंदुस्थानातून हाकलले." तिने ते वहीत लिहून घेतले आणि शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला आईला मदत करायला गेली.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते, आणि ती खरी नाही हे मला १९६८ पासून ठाऊक आहे.

आधी हॉर्निमनविषयी सांगते, कारण आपल्या तरुण मंडळींना हे नाव फक्त चौकाचे म्हणून माहीत असेल, आणि इथे जन्मलेल्यांना तेही नाही. मुंबईत फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या समोर गोल बाग आहे, भोवती एकसारख्या दगडी इमारती. इंग्रजांच्या काळात तिचे नाव एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ती हॉर्निमन सर्कल झाली. 'मुंबई समाचार' हे १८२२ पासून निघणारे गुजराती वर्तमानपत्र त्याच सर्कलच्या कडेला, लाल इमारतीत. पत्रकाराच्या नावाला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

लहानपणी बाबांबरोबर तिथून जाताना मी त्यांना विचारले होते की हा हॉर्निमन आपल्यातला का? कारण पूर्ण नाव बेंजामिन गाय हॉर्निमन. आमच्या भायखळ्याच्या चाळीत तीन बेंजामिन होते, तिघेही बिन्यामीनचे बेंजामिन झालेले, तेव्हा चौथाही आपलाच असणार अशी माझी खात्री. (मधल्या 'गाय'वर आम्ही भावंडे पोट धरधरून हसायचो.) आपल्या समाजात मी आजही म्हातारी माणसे भेटते जी छातीठोकपणे सांगतात की हॉर्निमन ज्यू होता. नव्हता. तो साधा इंग्रज, १८७३ मध्ये ससेक्समध्ये जन्मलेला, बाप ब्रिटिश आरमारात नोकरीला. त्याला आपल्यात ओढण्याची गरज नाही. किंबहुना तो आपल्यातला नव्हता, हिंदूंतला, मुसलमानांतला, पारशांतलाही नव्हता, हेच तर त्याच्याबद्दल लक्षात ठेवायचे आहे. राज्य त्याच्या स्वतःच्या माणसांचे होते. गप्प बसला असता तर क्लबात मानाची खुर्ची आणि म्हातारपणी पेन्शन होती.

पोर्टस्मथच्या एका सायंदैनिकात १८९४ मध्ये त्यांनी पत्रकारी सुरू केली, मग इंग्लंडातल्या मोठ्या पत्रांत काम केले आणि १९०६ मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये आले. १९१३ मध्ये सर फिरोजशहा मेहतांनी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' काढले. मुंबईतली इंग्रजी पत्रे गोऱ्या साहेबांची बाजू मांडत, तेव्हा आपल्या लोकांचे म्हणणे इंग्रजीत ठणकावून सांगणारे दैनिक हवे, हा मेहतांचा हेतू. त्याचे संपादक म्हणून त्यांनी निवडले हॉर्निमनना. मेहता दोनच वर्षांनी वारले. ते नेमस्त होते. त्यांच्या पश्चात हॉर्निमननी पत्र होमरूलच्या बाजूला नेले, आणि ॲनी बेझंटबाईंच्या होमरूल लीगचे ते स्वतः उपाध्यक्ष झाले.

त्या काळात वर्तमानपत्र चालवणे म्हणजे काय, हे आज फोनवर बोट फिरवून बातमी वाचणाऱ्यांना समजणे कठीण आहे. १९१० चा प्रेस ॲक्ट होता. सरकार छापखानावाल्याकडून जामीन म्हणून रोख रक्कम मागून घेई. सरकारला एखादा मजकूर खटकला की ती रक्कम जप्त. पुन्हा मोठी रक्कम भरा, पुन्हा खटकले तर छापखानाच जप्त. संपादकाला तुरुंगात घालण्याची गरजच नाही, मालकाचा खिसा धरला की संपादक आपोआप सांभाळून लिहू लागतो. याच्या विरोधात १९१५ मध्ये प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हॉर्निमन होते.

डिसेंबर १९१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन निवृत्त होणार म्हणून त्यांचे स्मारक उभारायला टाऊन हॉलमध्ये सभा बोलावली गेली, 'मुंबईच्या नागरिकांतर्फे'. बॅरिस्टर जिना, हॉर्निमन आणि त्यांची माणसे म्हणाली, आम्ही नागरिक नाही का? सकाळीच येऊन ते पुढच्या खुर्च्या अडवून बसले आणि सभा सुरू झाल्यावर असा गोंधळ केला की पोलिसांना हॉल रिकामा करावा लागला. त्या टाऊन हॉलच्या पायऱ्या उतरले की समोर जे सर्कल दिसते, त्यालाच पुढे त्यांचे नाव मिळाले.

आणि आपले लोक या सगळ्यात कुठे होते? आपण आपल्या संमेलनांत एरुलकर बंधूंची नावे घेतो, आणि घ्यावीतच. डेव्हिड एरुलकर टिळकांच्या बचावाच्या वकिलांत होते, डॉक्टर अब्राहम एरुलकर गांधीजींच्या डॉक्टरांपैकी एक. पण दोन भावांच्या मागे सगळा समाज उभा करून फोटो काढू नये. बहुतेक बेने इस्राएल रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये, पोलिसांत, पलटणीत, इस्पितळांत होते. संख्येने आपण काही हजार. जमीनजुमला कोकणात सुटलेला, धंदा हातात नाही, सरकारी पगार हाच आधार. सरकारशी इमानाने राहावे असे घराघरांत सांगितले जाई. यात लबाडी नव्हती. भीती होती, आणि थोडा अभिमानही होता, की साहेब म्हणतो इस्राएली माणूस भरवशाचा.

माझे आजोबा त्यातलेच. बंदरावरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. १९१९ मध्ये वय सव्वीस, पदरात दोन मुली, राहणे इस्राएल मोहल्ल्यात, जुन्या मशिदीजवळ. (नव्या वाचकांसाठी: आपल्यात सिनेगॉगला मशीद म्हणत. जुनी मशीद म्हणजे १७९६ ची शाआर हारहमीम.)

त्या वर्षीचा एप्रिल महिना मी कॅलेंडर घेऊन जुळवला आहे, कारण आजीच्या आठवणीत सगळे सणावारांनी बांधलेले होते. ६ एप्रिल, रविवार: रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह, चौपाटीवर अफाट गर्दी, उपास, हरताळ. हॉर्निमन मुंबईच्या सत्याग्रह सभेचे उपाध्यक्ष. त्याच आठवड्यात गांधीजींना दिल्लीच्या वाटेवर अडवून परत फिरवले. ११ तारखेला ते मुंबईत पोचले, पायधुणीला लोक बेभान झाले, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालेल्या जमावावर घोडेस्वार घातले गेले. आमच्या मोहल्ल्यातून हे चालत दहा मिनिटांवर. आजी सांगे की टापांचा आवाज गल्लीत आला तेव्हा तिने मुलींना कोठाराच्या खोलीत लपवले.

१३ एप्रिल, रविवार: अमृतसर, जालियनवाला बाग. १४ तारखेची रात्र आपल्या पेसाहची. पुण्यात १८७४ मध्ये छापलेली मराठी हागादा आमच्या घरी होती, तीच उघडून आजोबांनी मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट मोठ्याने वाचली असणार. आदल्या दिवशी पंजाबात काय झाले होते याचा मुंबईत कुणाला पत्ता नव्हता. पंजाबचे दरवाजे बंद केले गेले होते, लष्करी कायदा आला होता, तारा आणि पत्रे अडवली जात होती.

तरीही बातमी झिरपली, आणि ती छापायला तयार असलेल्या पत्रांत 'क्रॉनिकल' पुढे होते. त्यांना पंजाबचा मजकूर पाठवणाऱ्या गोवर्धनदास यांना लष्करी न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. हॉर्निमनवर तर खटलाही भरला नाही. २६ एप्रिल १९१९ रोजी डिफेन्स ऑफ इंडिया कायद्याखाली त्यांना घरातून उचलले आणि इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवले. तब्येत बरी नव्हती, त्याची पर्वा केली नाही. पुढे पार्लमेंटात भारतमंत्री माँटेग्यूंनी कारणे सांगितली: दिल्लीत सैनिकांनी मऊ टोकाच्या, शरीरात फुटणाऱ्या गोळ्या वापरल्या असा आरोप 'क्रॉनिकल'ने छापला, आणि पत्राचे अंक गोऱ्या शिपायांत फुकट वाटले गेले. ज्या सरकारला हत्यारबंद शिपायापर्यंत चार पानांचा कागद पोचण्याची धास्ती वाटते, ते आतून किती पोखरलेले असेल!

'क्रॉनिकल' काही दिवस बंद पडले. ते चालवणाऱ्यांपैकी उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्या हातात 'यंग इंडिया' नावाचे लहानसे साप्ताहिक होते. ते त्यांनी गांधीजींकडे सोपवले. म्हणजे हॉर्निमनना हद्दपार करून सरकारने काय साधले, तर गांधीजींना इंग्रजी पत्राचे संपादक केले.

लंडनमध्ये हॉर्निमन गप्प बसले नाहीत. १९२० मध्ये अमृतसरवर त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, आपल्याच देशबांधवांना तुमचे कर्तव्य काय असे विचारणारे. हिंदुस्थानात परतण्याची परवानगी मात्र सरकार देईना. जवळजवळ सात वर्षे गेली. शेवटी जानेवारी १९२६ मध्ये प्रवासाच्या नियमांतली एक फट शोधून ते परत आले आणि पुन्हा 'क्रॉनिकल'च्या खुर्चीत बसले. त्यानंतरचे आयुष्य घरंगळतच गेले म्हणा ना. १९२९ मध्ये स्वतःचा 'इंडियन नॅशनल हेराल्ड' काढला, तो फार टिकला नाही. मग १९३३ पासून 'बॉम्बे सेंटिनल' हे सायंदैनिक, बारा वर्षे. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्याबरोबर 'ब्लिट्झ'. बाबांच्या पिढीला हॉर्निमन आठवत तो 'सेंटिनल'चा. स्वातंत्र्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये मुंबईतच देह ठेवला. इंग्लंडला परत गेले नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे कुणी पाहुणे आले, गप्पा रंगल्या की काका म्हणत, "आमच्या बाबांनी हॉर्निमनला बोटीपर्यंत पोचवलं!" आजोबा कोपऱ्यात आरामखुर्चीवर असत. ते हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. सुपारी कातरत राहत. मी शाळेत ही गोष्ट सांगून टाळ्या मिळवल्या होत्या. १९६१ मध्ये आजोबा वारले तेव्हा समाचाराला आलेल्या मंडळींतही ती सांगितली गेली.

१९६८ मध्ये आमचे इस्राएलला यायचे ठरले. आजी येणार नव्हती. निघायच्या आदल्या आठवड्यात ट्रंक भरताना मी आजोबांचा फोटो कागदात गुंडाळत होते आणि सहज म्हणाले, हॉर्निमनची गोष्ट तिकडच्या मुलांना सांगेन. आजी डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोचवलं कसलं ग? ते कामावर होते."

मग जे सांगितले ते असे. तो शब्बाथ होता. (खरेच होता, २६ एप्रिल शनिवार. पेसाह संपून चारच दिवस झाले होते.) शब्बाथला कामावर जावे लागे हे आजोबांना नेहमीच टोचे. त्या दिवशी बंदरावर पोलिसांची धावपळ होती, कुणाला आणताहेत ते कारकुनांना सांगितले नव्हते. अंथरुणावरून उठवून आणलेला एक गोरा माणूस पोलिसांच्या मध्ये चालत आला. आजोबांनी ओळखले, कारण चौपाटीच्या सभेत त्यांनी लांबून पाहिले होते. सरकारी नोकर असून ते तिथे गेले होते, ही मला नवीच बातमी. तो माणूस जवळून गेला. आजोबांच्या हातात रजिस्टर होते. "त्यानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं," असे ते रात्री आजीला म्हणाले. एवढेच. पुढे कधी तो विषय काढला नाही. शेजारच्या गुजराती शेटजींच्या पेढीवरून रोज संध्याकाळी 'क्रॉनिकल'चा वाचून झालेला अंक ते आणत, तोही पत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी आणला नाही.

मी विचारले, "मग काकांना का सांगू दिलंत?"

"स्वराज्य आल्यावर सगळ्यांनाच काहीतरी केल्याचं आठवू लागलं," आजी म्हणाली. "तुझ्या काकाला कुणीतरी विचारलं असेल. त्याला कुठं वाईट वाटू द्यायचं?"

मला राग आला होता. आजोबांचा नाही, गोष्टीचा. मी ती मुलांना कधी सांगितली नाही, आणि नातीला मात्र, भात उतू जाऊ नये म्हणून चटकन झाकण ठेवावे तशी, सांगून मोकळी झाले.

आजीने डाळ निवडता निवडता अजून एक वाक्य टाकले होते, ज्याचा अर्थ मला पुढची पन्नास वर्षे लागला नाही. "त्यानंतर दोन आठवड्यांनी एका आदितवारी ते जेवले नाहीत. आदल्या रात्रीपासून. बाजार बंद होता, घरात होतं तेवढ्यात मी सुक्या बोंबलाचं कालवण केलं, तर म्हणाले पोट बिघडलंय. पोटबिट काही नव्हतं. आपला कुठला रोजाही नव्हता, मी विचारून आले मशिदीत."

काही वर्षांपूर्वी गांधीजींच्या समग्र लेखनाचा १९१९ चा खंड हाती आला. त्या महिन्यांत ते सत्याग्रहाची पत्रके काढत होते. हॉर्निमनना नेल्यावर त्यांनी पहिल्यांदा लोकांना शांत राहायला सांगितले, दगड उचलाल तर हॉर्निमनचाच अपमान होईल अशा अर्थाचे. आणि मग ठरवले की ११ मे रोजी त्यांच्यासाठी मुंबईने हरताळ पाळावा. आदल्या संध्याकाळपासून चोवीस तासांचा उपास करावा आणि आपापल्या घरात प्रार्थना करावी.

११ मे १९१९ रविवार होता. मी दोनदा मोजून पाहिले.

आता यावरून काय ठरवायचे? कदाचित पोट खरेच बिघडले असेल. मे महिना, मुंबईचा उकाडा, आंबे. आदल्या संध्याकाळी शब्बाथ संपताच सुरू होणारा उपास इस्राएली माणसाला अंगवळणी पडलेला, तो कुणाला न सांगता करता येतो, आणि रविवारी कचेरीला सुट्टी असल्यामुळे साहेबाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. धाडसाचे काम म्हणावे असे त्यात काहीच नाही. पण बायकोलाही सांगितले नाही, हे मला सारखे आठवत राहते. काकांची गोष्ट चालू असताना सुपारी कातरत बसलेले आजोबा आठवतात. सांगायचे असते तर सांगण्यासारखे त्यांच्याकडे होते. किंवा नव्हते.

पुढच्या शुक्रवारी नात आली तेव्हा मी तिला बसवले आणि सगळे सांगितले, आजीने मला सांगितले तसे. तिने ऐकून घेतले. मला वाटले होते की तोंड पाडेल, वर्गात सांगायला काही राहिले नाही म्हणून. तिने वही काढली, बोटीचे वाक्य खोडले आणि हिब्रूत लिहिले की माझे खापरपणजोबा मुंबईच्या बंदरावर कारकून होते, एका शब्बाथला त्यांनी एका पत्रकाराला नेताना पाहिले आणि खाली बघितले, आणि दोन आठवड्यांनी एका रविवारी ते जेवले नाहीत, का ते सावताला माहीत नाही.

मग पेन्सिल चावत म्हणाली, "सावता, बोंबील हिब्रूत कसं लिहायचं?"